ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांना चूक कशी सांगू?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणारा कारखाना, माणसं ४५. विचारणारे गृहस्थ ३१ वर्षांचे, आठ महिन्यांपूर्वी सुपरवायझर झाले. कटिंग मास्तर ५७ वर्षांचे, आणि याच मास्तरांनी त्यांना कात्री धरायला शिकवली. गेल्या तीन महिन्यांत तीनदा माल परत आला: शर्टाची पाठ एका छटेची, बाही दुसऱ्या. मोठे मालक म्हणतात, "सुपरवायझर तू आहेस, तू बघ." धाकटे मालक म्हणतात, "म्हाताऱ्याच्या पगारातून कापा, आपोआप सुधारेल." चेकिंगच्या टेबलावरच्या दोघीजणी 'हा माल पास कुणी केला' यावरून एकमेकींशी बोलत नाहीत. आणि हे गृहस्थ दोन महिने रोज मास्तरांपाशी जातात, चहा घेतात, हवापाण्याचं बोलतात आणि तसेच परत येतात. त्यांची मागणी एवढीच: "तोंडातून शब्द फुटत नाही. नेमकं काय बोलू ते सांगा."

शब्द सांगते, पण त्याआधी माझाच एक प्रश्न आहे. तिन्ही वेळा परत आलेला माल कोणत्या रंगाचा होता?

तुम्ही मास्तरांचं वय लिहिलंत, स्वभाव लिहिलात, त्यांचे उपकार लिहिलेत, दोन्ही मालक काय म्हणाले तेही लिहिलंत. मालाबद्दल मात्र एकच ओळ आहे. हा प्रश्न मला का सुचला, त्यामागे माझी स्वतःची एक लाज आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही पटायचं नाही.

मी २६ वर्षं कामगार अधिकारी म्हणून काम केलं. सुरुवात सोलापुरातल्या एका सूतगिरणीत, मग टॉवेलचे आणि गणवेशाचे कारखाने. २००६ चा एप्रिल. गणवेशाच्या धंद्यातल्या माणसाला एप्रिल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडणार, त्याआधी माल दुकानात पोचायला हवा, आणि इथं पारा ४२ च्या वर. पत्र्याखाली माणसं आधीच उकडून निघालेली. आमच्या कटिंग मास्तरांचा माल चौथ्यांदा परत आला. मी रजिस्टर उचललं, पाळी सुटायच्या वेळी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांसमोर चारही नोंदी तारखेसकट वाचून दाखवल्या. आवाज चढवला नाही, वावगा शब्द काढला नाही. मनात म्हटलं, किती मुद्देसूद बोललो आपण.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. कात्री फडक्यानं पुसली, खोक्यात ठेवली, डबा उचलला आणि चालू लागले. ११ दिवस आले नाहीत. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी शिलाईचा अख्खा विभाग मंदावला. ऐन एप्रिलात.

बाराव्या दिवशी मी पूर्व भागात त्यांच्या घरी गेले. घरात सगळे तेलुगू बोलणारे. माझं तेलुगू 'बागुन्नारा'च्या पुढं जात नाही. चहा झाला. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मास्तर हळूच म्हणाले, "मॅडम, निळं आन् राखाडी मला आताशा येकच दिसतंय. रात्री दिव्याभोवती कडं येतंय." परत येऊन मी तेच रजिस्टर पुन्हा उघडलं. चारही वेळा फिकट निळा. मरून आणि बाटलीहिरव्या रंगात वर्षभरात एक चूक नव्हती. मोतीबिंदू वाढत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्यातले बारीक फरक पुसले जातात, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितलं. रजिस्टर माझ्या हातात होतं, मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं, पण त्यात काय लिहिलंय ते मी पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी ते का लपवलं? डोळ्यांची तक्रार सांगितली तर कटिंगचं टेबल जाईल आणि पॅकिंगला बसवतील, या भीतीनं. ऑपरेशन झालं, महिन्याभरानं कामावर आले, पुढं सहा वर्षं कात्री चालवली. पण त्याआधी मला 'बाई' म्हणायचे. त्या एप्रिलनंतर मी 'मॅडम' झाले, ती शेवटपर्यंत.

तुमच्या मास्तरांनाही मोतीबिंदूच असेल असं मी म्हणत नाही. ते कंटाळले असतील, घरी आजारपण असेल, हाताखाली नवा पोऱ्या असेल आणि त्याच्या चुका ते पोटात घालत असतील. किंवा कापड पुरवणाऱ्यानंच एका बिलात दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेलं कापड, घातले असतील. तुम्हाला यातलं काय खरं आहे ते माहीत नाही, आणि दोन महिने तोंड उघडत नाही त्याचं खरं कारण मला तेच वाटतं. तुम्ही भिडस्त आहात म्हणून नव्हे. तुमच्याकडे सांगायला फक्त निकाल आहे, 'तुमचं काम घसरलंय', आणि गुरूच्या तोंडावर निकाल फेकायला जीभ वळत नाही. वळू नयेच. विचारण्यासारखा एखादा खरा प्रश्न हातात असला की पाय आपोआप उचलतात.

म्हणून आधी एक दिवस फक्त बघण्यात घालवा. परत आलेले शर्ट काढा आणि दारात, दिवसाच्या उजेडात पसरा. रंग कोणता, माप कोणतं, कुठल्या ताग्यातलं कापड. चूक पाठ आणि बाहीतच आहे की कॉलरमध्येही? कॉलरचं कापड तुमच्याकडे वेगळं कापत असतील तर ते महत्त्वाचं. एकदम कापायला कापडाचे थर लावताना ताग्यांच्या मध्ये कागद घालतात का? कापल्यावर प्रत्येक तुकड्यावर नंबराची चिठ्ठी लागते का, की हंगामाच्या घाईत ते काम बंद पडलंय? मी पाहिलेल्या कारखान्यांत छटेची चूक निम्म्या वेळा कटिंगला होतच नाही. चिठ्ठ्या लावणारी मुलगी सोडून गेलेली असते, तिच्या जागी कुणी घेतलेलं नसतं, आणि शिलाईत एका बंडलातली बाही दुसऱ्या बंडलाला जाते. असं निघालं तर मास्तरांशी करायचं बोलणंच बदलतं. मग ती तक्रार राहत नाही, मदत मागणं होतं.

आता जागा आणि वेळ. चारचौघांत नाही, हे माझी गोष्ट वाचून कळलंच असेल. पण मालकाच्या केबिनमध्येही नाही. छोट्या कारखान्यात केबिनचं दार लागलं की बाहेर ४५ माणसांचे कान टवकारतात. मास्तर बाहेर येईपर्यंत 'म्हाताऱ्याला काढलं' ही बातमी गेटपर्यंत पोचलेली असते. मी कटिंगचं टेबलच पसंत करते, जेवणाच्या सुट्टीत किंवा सकाळी माणसं यायच्या अर्धा तास आधी. ती त्यांची जागा आहे. तिथं ते मास्तर असतात, आरोपी नसतात. माल सुटायच्या दिवशी बोलू नका, बोनसच्या आठवड्यात बोलू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर एक अक्षरही नको, परत आलेल्या मालाचा फोटोसुद्धा नको. फोटोखाली कुणीतरी अंगठा टाकतं, आणि माणूस ते अंगठे मोजत बसतो.

सुरुवात कशी करायची? 'आधी दोन कौतुकं, मग चूक, मग पुन्हा कौतुक' असं हल्ली प्रशिक्षणात शिकवतात. आपल्या माणसांपुढं ते चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ५७ वर्षांच्या माणसानं तुमच्यासारखे वीस पोरगे पाहिलेत. "मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही" एवढं म्हणायचा अवकाश, ते विचारतील, "काय झालंय ते बोल." उपकारांचा पाढाही वाचू नका, उपकारांची आठवण करून देऊन मग चूक काढली की दोन्हीचं मातेरं होतं. सरळ मालावर या. साधारण असं:

"मास्तर, निळ्याचा माल तीनदा परत आला. मी सगळे शर्ट काढून उजेडात बघितले. पाठ आणि बाही जुळत नाही. कुठं गडबड होतीय ते मला कळेना. तुम्ही थर लावता तेव्हा तागे कसे वेगळे काढता, मला एकदा दाखवता का?"

(रंग तुमच्या रजिस्टरात जो निघेल तो घाला.)

यात तुम्ही काहीच लपवलेलं नाही. माल परत आलाय हे पहिल्याच वाक्यात आलं. आणि शेवटचा प्रश्न खरा आहे, कारण उत्तर तुम्हाला माहीत नाही. उत्तर आधीच माहीत असेल तर हा प्रश्न मात्र विचारू नका. माहीत असून विचारलेला प्रश्न हा सापळा असतो आणि तो लगेच ओळखू येतो. मग सरळ सांगा: "मास्तर, चिठ्ठ्या न लावता माल पुढं गेला. हे थांबायला हवं. कसं थांबवू या?"

दोन वाक्यं तोंडात येतील, ती गिळा. एक, "मालक लई चिडलेत." मालकाचं तोंड उसनं घेऊन बोललात की मास्तरांच्या लेखी तुम्ही निरोप्या ठरता, आणि निरोप्याशी कुणी चर्चा करत नाही. दुसरं, "सगळे म्हणतात." सगळे म्हणजे कोण, हे ते दिवसभर शोधत बसतील, आणि संध्याकाळपर्यंत चेकिंगच्या बायकांशी त्यांचं वाजेल.

मग ते काय म्हणतील? बहुधा चिडतील. "काल मिसरूड फुटलं आणि मला शिकवतोस काय बे?" इथं उत्तर द्यायची घाई करू नका. मनात दहा आकडे मोजा, टेबलावरच्या कापडाकडे बघत राहा. मग शांतपणे म्हणा, "शिकवत नाही मास्तर. माल परत आलाय, तो कुणीतरी बघायला लागतो. ते काम माझ्याकडे आलंय." बस. 'तुम्हीच मला शिकवलंत' वगैरे आत्ता नको. राग ही बऱ्याचदा पहिली वाफ असते, ती बाहेर पडली की खरं बोलणं सुरू होतं. मात्र तुमचाही पारा चढायला लागला तर उठा आणि सांगून उठा: "दुपारी परत येतो." न सांगता उठून जाणं वेगळं आणि सांगून उठणं वेगळं. दुसऱ्यात परत येण्याचा शब्द असतो, तो पाळा.

'बे' वरून आठवलं. एका टॉवेल कारखान्यात कोकणातून आलेला नवा प्रॉडक्शन मॅनेजर तिसऱ्याच दिवशी माझ्याकडे तक्रार घेऊन आला, कामगार मला शिवी देतात म्हणून. शिवी कोणती, तर "काय बे". सोलापुरात बे शिवाय मैत्रीसुद्धा होत नाही, हे त्याला समजावायला मला अर्धा तास लागला. आणि उलटही घडतं. इथं एका टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी उर्दू अशा चार भाषा बसतात. तेलुगू घरातला माणूस मराठीत उत्तर देताना 'तुम्ही'च्या जागी 'तू' म्हणून जातो, त्यात अपमान नसतो, सवय असते. शब्द टोचला तर आधी एवढं बघा, तो टोचायला म्हणूनच आला होता का.

दुसरी शक्यता, मास्तर काहीच बोलणार नाहीत. मान हलवतील, "बघूया की" म्हणतील. आपल्याकडं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, आणि "बघूया की" म्हणजे तर अजिबातच नव्हे. त्यावर समाधान मानून उठू नका. एक छोटी, दिसणारी गोष्ट ठरवूनच उठा. उदाहरणार्थ, उद्यापासून १५ दिवस निळ्याचा थर लागला की कात्री लावायच्या आधी तुम्ही दोघांनी मिळून तो दारातल्या उजेडात बघायचा. त्यांच्यावर पहारा म्हणून नाही. तुमचे डोळे तरुण, त्यांचा हात जुना. काय ठरलं ते त्या दिवशी स्वतःच्या वहीत तारखेसकट दोन ओळींत लिहून ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चहा त्यांच्याबरोबरच घ्या. अवघड बोलणं झाल्यावर माणसं दोन दिवस एकमेकांना टाळतात, आणि खरी अढी त्या दोन दिवसांत बसते.

डोळ्यांचा विषय निघाला तर तुम्ही डॉक्टर होऊ नका, 'तुम्हाला दिसत नाही' असं तर मुळीच म्हणू नका. सगळ्या कारखान्यासाठी एक डोळे तपासणी ठेवा. शिलाईच्या बायकांनाही चाळिशीनंतर सुईत दोरा ओवताना त्रास होतो, त्याही हळूच पुढं येतील. मास्तर रांगेत सतरावे असले की कुणाचं लक्ष जात नाही.

आता समजा, काहीच निघालं नाही. डोळे ठीक, चिठ्ठ्या ठीक, कापड ठीक, मास्तरांनी ठरवूनच मन काढून घेतलंय. तुम्हाला मिळालेली जागा त्यांना स्वतःला हवी होती, असंही असू शकतं. तसं असेल तर ते एकदा उघड बोलून टाका: "मास्तर, ही जागा तुम्हाला मिळायला हवी होती असं तुम्हाला वाटतं का?" फार अवघड प्रश्न आहे, कबूल. पण मी दोनदा तो विचारताना पाहिलाय आणि दोन्ही वेळा समोरच्याचा श्वास सुटल्यासारखा झाला. एकात पुढं सगळं सुरळीत झालं. दुसऱ्यात नाही झालं, तो माणूस चार महिन्यांनी दुसरीकडं गेला, पण जाईपर्यंत काम चोख करून गेला. बोलूनही फरक पडला नाही तर लेखी समज, खुलासा मागणं, चौकशी हा रस्ता आहे, आणि तो मालकांनी रीतसर चालायचा आहे. तुम्ही एकट्यानं धमकीसारखा वापरायचा नाही.

मालकांकडे येते, कारण तुमचं निम्मं दुखणं तिथं आहे. आमचे वडील गिरणी कामगार. त्यांच्या काळी जॉबरशी, म्हणजे खात्यातल्या मुकादमाशी, वाजलं तर युनियन होती, कामगार अधिकारी होता (५०० किंवा जास्त कामगार असले की कायद्यानं कल्याण अधिकारी नेमावाच लागायचा), आणि काहीच नाही तर चाळीतले चार जुने लोक होते. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले, आणि तीच माणसं आणि त्यांची मुलं तीस-चाळीस जणांच्या कारखान्यांत विखुरली. तिथं यातलं काहीच नाही. मालक आणि कामगार यांच्यामध्ये जो उभा असतो तोच कामगार अधिकारी, तोच पंच आणि तोच मार खाणारा. मोठे मालक "तू बघ" म्हणतात तेव्हा त्यांना हे कळत नसतं की अधिकार न देता जबाबदारी दिलीय. म्हणून त्यांच्याकडे तक्रार नेऊ नका, नेमकी मागणी न्या: "मी बघतो. मला दोन गोष्टी लागतील. चिठ्ठ्यांना एक माणूस, आणि पुढचे १५ दिवस मास्तरांशी फक्त मी बोलणार, तुम्ही किंवा धाकटे मालक नाही." मालक लोकांना आकडा समजतो. परत आलेल्या मालाची किंमत आणि चिठ्ठ्या लावणाऱ्या मुलीचा महिन्याचा पगार एका कागदावर शेजारी शेजारी लिहून न्या.

बाप आणि मुलगा वेगवेगळं सांगतात, हा तर आपल्याकडचा घरोघरचा आजार. त्यात बाजू घेतलीत तर संपलात, कारण ते रात्री एका ताटात जेवणार आहेत. दोघे समोर असताना, तक्रारीचा सूर न लावता विचारा: "काल असं ठरलं होतं, आज असं आलंय. कुठलं धरू?" आणि जे ठरेल ते दोघांनाही एकाच संदेशात लिहून पाठवा.

पगारातून कापायचं म्हणाल तर धाकट्या मालकांना एवढं शांतपणे सांगा की ते मनात आलं म्हणून करता येत नाही. नुकसानीपोटी कपात करायची तर नुकसान त्या कामगाराच्या हलगर्जीमुळंच झालंय हे दिसायला हवं, त्याला आधी कारण सांगायची संधी द्यावी लागते, आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. दंड म्हणून कापायचं तर त्या पगाराच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे. वर चूक चिठ्ठ्यांची निघाली तर काय, हाही प्रश्न विचारा. आणखी एक. ४५ माणसांच्या कारखान्यात तक्रार निवारण समिती असायला हवी. २० किंवा अधिक कामगारांना ती लागू आहे आणि तिच्यात मालकाची आणि कामगारांची माणसं समान असतात. कागदावर असेल तर जागी करा. मास्तरांसारखा जुना माणूस कामगारांच्या बाजूनं त्यात असणं फार उपयोगी पडतं.

चेकिंगच्या त्या दोघींचं. त्यांच्यात समेट घडवायला बसू नका इतक्यात. आधी त्या कुठं बसतात ते बघा. एक खिडकीशी आणि दुसरी आत ट्यूबलाइटखाली बसत असेल, तर दोघीही खरं बोलतायत. दोन लॉटचं कापड ट्यूबच्या उजेडात तंतोतंत जुळतं आणि उन्हात नेलं की फरक डोळ्यात भरतो, असं रंगाच्या बाबतीत होतं. म्हणून मोठ्या निर्यातदारांकडे छटा तपासायला ठरावीक उजेडाची पेटी असते. तुमच्याकडे ती नसेल, पण टेबल खिडकीकडे सरकवायला पैसे लागत नाहीत. एकीनं पास केलेलं दुसरीला खोटं दिसतं, तिला वाटतं ही कामचुकार, हिला वाटतं ती मुद्दाम माझ्या चुका काढते. टेबल हलवा, आठ दिवस जाऊ द्या. तरीही बोलल्या नाहीत तर मग माणसांचं बघू.

माणसांचं वाटणारं भांडण पुष्कळदा असंच टेबलाचं, यादीचं, पाळीचं असतं. एका कारखान्यात दर जानेवारीत माझ्यापुढं दोन गट उभे राहायचे. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, कुणाला सुट्टी आणि कुणाला नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघणार, मानकऱ्यांच्या घरची माणसं यायचीच नाहीत; मग नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, ईद, १४ एप्रिल, प्रत्येक वेळी तेच. 'त्यांना देता, आम्हाला नाही' हे वाक्य पुढं जातीवर जायला वेळ लागत नाही. आम्ही डिसेंबरातच वर्षाची यादी भिंतीवर लावायला लागलो. कोण कुठल्या सणाला नसणार, त्या दिवशी त्याचं काम कोण करणार, आणि त्या बदल्यात तो कुणाच्या सणाला येणार. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. तिसऱ्या वर्षी यादी लावायला मला उशीर झाला तर कामगारच विचारायला आले.

एका बाबतीत मात्र यातलं काहीही लागू करू नका. एखाद्या बाईनं अंगचटीला जाण्याची, घाणेरड्या बोलण्याची, रात्रीच्या फोनची तक्रार केली, तर तिथं 'समजुतीनं घ्या', 'दोघांना समोरासमोर बसवू' असलं काही सुपरवायझरनं करायचं नाही. २०१३ च्या कायद्यानं १० किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे, तिची अध्यक्ष बाई आणि निम्म्या तरी सदस्य बायका. तक्रार ३ महिन्यांत लेखी द्यायची, सबळ कारण असेल तर मुदत वाढते. समिती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तुमचं काम त्या बाईला तिथवर पोचवणं, आणि तोवर तिची पाळी त्या माणसाबरोबर लागू न देणं. जातीवरून शिवीगाळ, हाणामारी, यांनाही चहावर मिटवायचं नसतं. हे मी कडक शब्दांत लिहिते, कारण सुरुवातीच्या वर्षांत असं एक प्रकरण मी 'गोडीत' मिटवलं होतं. ती मुलगी महिन्याभरात काम सोडून गेली. तो माणूस पुढं बरीच वर्षं तिथंच होता.

तुमच्या मास्तरांकडे परत येते. सोमवारी रजिस्टर आणि शर्ट बघा, मंगळवारी सकाळी लवकर जा. परत आलेल्यांतला एक शर्ट बरोबर न्या, बोलताना दाखवायला लागेल. पण हातात धरून कारखान्यातून चालत जाऊ नका. पिशवीत घालून न्या.